डावा कान

केळशी, १६ नोव्हेंबर १९३१

आज रुजू झालो. हर्णैला आगबोट पहाटे लागली. मचव्यात उतरताना पद्मजाची एक वहाण पाण्यात पडली आणि ती मोठ्यानं हसली. लग्नाला दीड वर्ष झालं. मी मुंबईच्या पोस्टात कारकून, ती वाईला माझ्या आईजवळ. असं हसणं मी ऐकलंच नव्हतं. आंजर्ल्याची खाडी तरीतून ओलांडली, पुढे बैलगाडी. तांबडा कातळ आणि मध्येच एकदम हिरवी आगरं.

पोस्ट आणि बिऱ्हाड एकाच घरात आहे. पुढची पडवी पोस्टाची, मागच्या दोन खोल्या आमच्या. घरमालक आप्पा शेजारी राहतात. नारळी-पोफळीचं आगर, साठीचं वय, जिभेला धार. नारळ सोलता येतो का, हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर त्यांनी आत हाक घातली, अगो, सरकारनं पुन्हा घाटीच पाठवलान. त्यांच्या बायकोनं, आनंदीबाईंनी, घावनं पाठवली. अजून ऊन होती.

टपाल लवू आणतो. तो रोज आंजर्ल्याहून चालत येतो, दुपारी पोचतो. गावातले निम्मे पुरुष मुंबईला आहेत आणि त्यांच्या बायकांना वाचता येत नाही, तेव्हा कार्डं मास्तरांनीच वाचून दाखवायची, असं त्यानं मला समजावलं. आधीचे मास्तर बरं ते मोठ्यानं वाचत आणि वाईट ते हळू.

आमचं पहिलं घर.

१९ नोव्हेंबर

आमच्या लग्नाचा फोटो पडवीत टांगला. तो मीच रंगवलेला आहे. हा छंद मला गिरगावातल्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं लावला. रंगांची चोपडी असते, तिच्या दर पानावर एकेक रंग वाळवलेला. पानाचा कपटा कापून पाण्यात टाकला की रंग सुटतो. तो फोटोच्या कागदावर बसत नाही, आत मुरतो. म्हणून चूक पुसता येत नाही. ब्रशला टोक आणायचं ते ओठांनी. कापडानं टोक येत नाही, म्हातारा म्हणे, जिभेनंच येतं.

फोटोत तांबडं काळं उमटतं. त्यामुळे प्रत्येक सवाष्णीच्या कपाळावर काळा ठिपका असतो. मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो. तो ठिपका तांबडा झाला की चेहरा जागा होतो.

२ डिसेंबर

आप्पांनी त्यांच्या वडिलांचा फोटो दिला होता. पगडीला बरंच तांबडं लागलं, चोपडीतलं ते पान संपलं. मुंबईला नव्या चोपडीसाठी लिहिलं आहे. फोटो पाहून आप्पा म्हणाले, हयात असताना एवढा तजेला नव्हता हो यांना. आनंदीबाईंनी मात्र पदर डोक्यावर घेतला. मग त्यांनी फोटोला नमस्कार केला.

इथल्या दमट हवेत कागदाला कसर फार लवकर लागते. पद्मजानं फोटोमागे कडुनिंबाचा पाला खोचला आहे.

९ डिसेंबर

पलीकडच्या वाडीतली राही नावाची बाई फोटो घेऊन आली. पंचविशीची असेल. पदर भुवयांपर्यंत ओढलेला, हातही पदराखाली. फोटो मुंबईच्या दुकानात काढलेला आहे. मागे खांबाचा रंगीत पडदा, नवरा कोट घालून खुर्चीत, हात गुडघ्यावर. ती शेजारी उभी. सासूच्या पेटीत होता, ती म्हणाली. सासू यंदाच्या पावसाळ्यात गेली.

फोटोतल्या राहीच्या कपाळावर मुगाएवढा पांढरा डाग आहे. तेवढाच. कसर नेमकी तिथं लागली. मी विचारलं, कसा करू? ती म्हणाली, हुतं तसं करा, मास्तर.

१० डिसेंबर

दिवसभर फोटोवर बसलो. साडी हिरवी. कोटाला तपकिरी दिला. तो काळाही असेल, पण काळ्या कोटात माणूस बुडून जातो. गालांना गुलाबी.

कुंकवाला तांबडं नव्हतं. पद्मजा विहिरीवर गेली होती. तिच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं, डिंकाच्या पाण्यात कालवलं. ब्रशला ओठांनी टोक आणलं आणि पांढरा डाग भरून टाकला. चोपडीतल्या कुठल्याही तांबड्याहून हे तांबडं चांगलं वठलं.

पद्मजाला करंड्यात माझ्या नखाची खूण दिसली. ती हसून म्हणाली, तुमच्या पोस्टात कुणाचं हळदीकुंकू होतं हो?

१२ डिसेंबर

राही फोटो घेऊन गेली. बराच वेळ पाहत उभी होती. बोट फोटोवर फक्त कपाळाशी फिरवलं.

ती गेल्यावर आठवलं की नवऱ्याचा डावा कान रंगवायचा राहिला. पुन्हा कधी आली की करू.

२१ डिसेंबर

आज लवूनं एक कार्ड बाजूला काढून ठेवलं. ह्ये कारड चुकलंय, म्हणाला. पत्त्यावर सौ. राही, तिच्या नवऱ्याचं नाव आणि वाडी होती. चुकलं काय, मी विचारलं. तो म्हणाला, सौ. चुकलंय. तिचा शिवा तीन वर्सांमागं गिरणीच्या पट्ट्यात घावला नि गेला. मीच ते कारड आणलं हुतं, आदल्या मास्तरानं हळू वाचलं हुतं.

मी फोटोची गोष्ट काढली. लवू पायरीवर बसला. गावात ज्या चारदोन घरांत फोटो आहेत तिथं अशी रीत आहे, तो म्हणाला: नवरा गेला की दहाव्या दिवशी सासूनं दाभणानं फोटोतलं कुंकू खरवडायचं. नाहीतर बाई एकीकडे रांडाव आणि एकीकडे सवाष्ण.

ती कसर नव्हती. तिच्या हाताला बांगड्यांचा आवाज नव्हता, हेही आता आठवतं.

२२ डिसेंबर

राहीला कार्ड वाचून दाखवलं. मजकूर असा: सौ. राही हिस शिवाचा आशीर्वाद. मी खुशाल आहे. रजा मिळाली. घरी येतो. शिक्का मुंबईचा, १९ तारखेचा.

तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, परत धाडा. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, मी म्हणालो. कार्ड टेबलावर टाकून ती निघून गेली.

कुणाची तरी चेष्टा. पोस्टात सहा वर्षं काढली, अशी कार्डं पाहिली आहेत.

२९ डिसेंबर

थकवा वाटतो. नखं पांढुरकी दिसतात. तोंडाला हळद आणि चुना यांची चव आहे, चूळ भरून जात नाही. पद्मजा म्हणते, इथलं पाणी मानवत नाही.

तिचं कुंकू दुपारपर्यंत टिकत नाही. मेण लावून बसवते तरी गळतं. घामानं असेल. मात्र दिवस थंडीचे आहेत.

४ जानेवारी १९३२

दुसरं कार्ड. शिक्का हर्णैचा. हर्णैस उतरलो. पायांस बळ नाही. बसून बसून आखडले आहेत. सावकाश येईन.

लवूनं ते दोन बोटांत धरून आणलं. हर्णैच्या पोस्टात हे कुणी टाकलं ते त्यानं विचारून पाहिलं. पेटीत निघालं, एवढंच त्यांना ठाऊक.

फोटोतला माणूस खुर्चीत बसला आहे. तीन वर्षं, चार वर्षं, जेव्हा काढला तेव्हापासून.

हे मी लिहायला नको होतं.

९ जानेवारी

दाढी करताना कापलं. रक्त पातळ शाईसारखं. लाल नाही. मी ते पद्मजा येण्याआधी पुसलं. पंच्याला डाग पडला तोही करडा.

१४ जानेवारी

संक्रांत. पद्मजाचं नव्या घरातलं पहिलं हळदीकुंकू. आठ दिवस हलवा करत होती. अकरा बायका आल्या. मी पडवीत होतो, दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. मास्तरीणबाई, घाटावर हलव्याला काटा येतो का गुळगुळीतच, कुणीतरी विचारलं आणि हसू पसरलं.

पहिला मान आनंदीबाईंचा. हसणं थांबलं.

मी दारातून पाहिलं. आनंदीबाईंच्या कपाळावर राखेचा ठिपका होता. पद्मजा हातातल्या करंड्याकडे पाहत होती. सकाळी तांबडं होतं, ती म्हणत होती, मी सकाळी लावलं तेव्हा तांबडं होतं.

आनंदीबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. घरी जाऊन स्वतःचा करंडा आणला, पद्मजापुढे धरला. पद्मजानं त्यात बोट बुडवलं. बोटाभोवतीचं कुंकू करडं झालं. पाण्यात शाई पसरावी तसं कडेपर्यंत.

बायका एकेक करून गेल्या. हलवा तसाच आहे.

१५ जानेवारी

आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी एकही टोमणा मारला नाही, याचीच भीती वाटली. कुठलं कुंकू वापरलंत, एवढं विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, सवाष्णीनं सवाष्णीला लावलं तर ते दोघींकडे राहतं, मास्तर. तुम्ही बायकोच्या करंड्यातलं नेऊन रिकाम्या कपाळावर ठेवलंत. तिथं नवरा नव्हता. मग कुठून तरी यायला हवा, आणि कुणाचा तरी जायला हवा.

उपाय विचारला. ते म्हणाले, मला आगरातलं कळतं.

पद्मजाला काय सांगायचं ते ठरत नाही.

१९ जानेवारी

दापोलीला जाऊन आलो. डॉक्टरनं डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, दुसऱ्या डोळ्याची पाहिली, मग खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिली. अंगात रक्तच नाही म्हणाला. लोहाचं औषध दिलं.

परतताना गाडीवानानं दोनदा विचारलं, थंडी वाजते का. वाजत नव्हती.

२३ जानेवारी

तिसरं कार्ड. शिक्का आंजर्ल्याचा. आंजर्ल्यास आहे. खाडीची तर मिळाली. डाव्या कानानं ऐकू येत नाही, तेवढं सोडता ठीक.

लवूनं त्याला पाहिलं. मी न विचारता त्यानंच सांगितलं. तरीवर होता. तपकिरी कोट. दोन्ही गाल सारखेच गुलाबी, बाहुल्याचे असतात तसे. डावा कान राखेचा. लोक त्याच्यापासून दूर बसले होते. लवू म्हणाला, शिवाच हाय. पन शिवाचा कोट काळा हुता वो, मास्तर. मुंबैस्नं आला तवा समद्या वाडीनं बगितला हुता.

तपकिरी मी दिला.

उद्यापासून लवू येणार नाही. टपाल भाच्याला पाठवतो म्हणाला.

२४ जानेवारी

राहीकडे गेलो. वाडीत जाताना तीन ठिकाणी बसावं लागलं. ती दारातच होती. पदर मागे सारलेला. कपाळावर कुंकू. तिनं लावलेलं नाही, पुसलं तरी परत येतं, असं तिनं आधी सांगितलं, मी विचारण्यापूर्वीच.

मी फोटो मागितला. तिनं लगेच आणून दिला. म्हणाली, पुसा. तुमच्या हातानं पुसा.

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. मी ते बोलून दाखवलं. तेव्हा ती म्हणाली, मास्तर, मला तो नको हुता. मला कपाळ हवं हुतं. तीन वर्सं लग्नाच्या मांडवात जाऊ दिलं नाय कुनी. वाटंत दिसली की बायका थांबतात, मी जाईस्तवर. एकदा सोताला बगायचं हुतं, बस. तो आला तर— आणि पदर बाजूला करून तिनं खांदा दाखवला. जुना डाग होता, विळ्याचा असावा.

डिंकातलं कुंकू. ओल्या बोटानंही निघायला हवं. पाण्यानं निघालं नाही. टर्पेंटाइननं नाही. चाकूनं खरवडलं. कागदाखाली तांबडं, त्याखाली तांबडं. पाठीच्या पुठ्ठ्यापर्यंत गेलो, आरपार भोक पडलं. भोकाच्या कडा तांबड्या.

चुलीत घातला. जळला नाही. राही म्हणाली, मी कालच घातला हुता.

ती उंबऱ्यावर बसली होती. जाऊ का कुठं, तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, माहेरी तरी काय सांगू, नवरा येतोय म्हनून पळून आलो?

मी फोटो घेऊन आलो. त्यात शिवा नाही. खुर्ची आहे.

२७ जानेवारी

पद्मजाला सांगितलं. सगळं. ती धान्य निवडत होती. निवडणं थांबलं नाही.

मग म्हणाली, विचारलं असतंत तर मी दिलं नसतं. एवढंच.

संध्याकाळी तिनं माझे दोन्ही हात हातांत घेतले. तिचे तांबूस, माझे करडे. लग्नाच्या फोटोतल्यासारखे, रंगवण्याआधीच्या.

३० जानेवारी

लग्नाच्या फोटोत पद्मजाच्या कपाळावर पांढरा डाग. मुगाएवढा. कसर नाही. पाला तसाच आहे.

नवी चोपडी आली. तांबडं पान कोरं आहे. सगळी पानं कोरी—मला तरी.

पद्मजाला विचारलं, तांबडं दिसतं का. दिसतं म्हणाली. तिनंच ब्रश धरला. रंग डागापाशी जातो आणि थांबतो. कागद घेत नाही.

१ फेब्रुवारी

मी तिला म्हणालो, वाईला जा. नाही म्हणाली.

ती दिवसभर काही ना काही करत असते. पाटा, उखळ, भांडी. मला कळतं. बांगड्या वाजत्या ठेवते. मला ऐकू याव्यात म्हणून.

३ फेब्रुवारी

पोस्टाच्या पेटीत एक कार्ड. गावातलंच. पत्ता माझा. शिक्का मीच मारला, हात सवयीनं चालतो.

मजकूर एवढाच: राहिलेलं पुरं करावं.

कोणी टाकलं, पाहिलं नाही. पडवीतून पेटी दिसते. दिवसभर समोर होतो.

४ फेब्रुवारी

आप्पा सांगतात, राहीच्या घराला आतून कडी. धूर नाही. काल दुपारी तपकिरी कोटाचा माणूस आत गेला. आज सकाळी एकटा बाहेर आला. वाडीतलं कुणी जाऊन बघत नाही. आप्पांनी गडी पाठवला होता. गडी म्हणाला, आत कुणीतरी गव्हातले खडे निवडावेत तसं हळूहळू रडतं.

मग जिवंत आहे. मी म्हणालो. आप्पा उठून गेले.

५ फेब्रुवारी, सकाळ

उजेडात लिहितो. अक्षर फिकं येतं. शाई तीच.

आप्पा आणि आनंदीबाई गाडी जुंपून उभे होते. दोघांना दापोलीला पोचवतो म्हणाले. मला पायरी उतरता आली नाही. पद्मजा गाडीत बसली नाही.

दुपार

तो आला. पडवीत बाकावर आहे. टपालाची वेळ व्हायची आहे असं मी सांगितलं. तो थांबला. हात गुडघ्यावर. पाठ मी पाहिली, तो वळला तेव्हा—पाठीला रंग नाही. मी दिला नव्हता. पाठ फोटोत नव्हती. पाठीच्या जागी फोटोतल्या पडद्याचा खांब दिसतो.

रागावलेला नाही. काहीच नाही चेहऱ्यावर. फोटो काढताना असतो तसा.

डावा कान माझ्याकडे करतो. थांबतो.

मी म्हणालो, तांबडं नाही. पान कोरं आहे. करंडा राखेचा आहे. कुठून आणू?

त्यानं बोट केलं. माझ्याकडे. तोंडाकडे.

आरशात पाहिलं. ओठांच्या आत, कडेला, जरा तांबडं आहे अजून, अंगातलं शेवटचं. तिथूनच तर ब्रशला—

स्वयंपाकघरात पाटा चालू आहे. बांगड्या ऐकू येतात.

ब्रश त्यानंच उचलला. पुढे धरला. मी ओठांत

कडवट. हळद, चुना. टोक आलं.

कानाची पाळी आधी. मग कड. रंग बसतो आहे. चांगला बसतो आहे. आणखी लागेल. पुन्हा ओठांत—

बांगड्या. पाटा थांबला पण बांगड्या आहेत, ती दाराकडे येते आहे, पद्मजा, येऊ नको, बांगड्या